सीएमव्हीचं औषध सुरू असताना आकडा वाढला, म्हणजे औषध लागू पडत नाहीये का?

तुमचा प्रश्न असा: धाकट्या भावाला आईने किडनी दिली. साडेचार महिन्यांनी ताप आणि जुलाब सुरू झाले, तपासणीत सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा विषाणू निघाला. डॉक्टरांनी मायकोफेनोलेट ही रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) टाळायची गोळी बंद करून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं. आठवड्याने पीसीआरचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा १४,००० वरून २२,००० वर गेला. आता औषध लागू पडत नाहीये का, आणि रिजेक्शनची गोळी बंद केल्यामुळे किडनी जाईल का?

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे भावाचा डोस ठरवणं माझं काम नाही. पण हेच दोन प्रश्न नातेवाईक ओपीडीबाहेर मला सतत विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आकड्याचं. १४,००० चे २२,००० बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण या तपासणीत तिपटीपेक्षा कमी फरकाला सहसा फरक मानतच नाहीत. एकच नमुना दोनदा लावला तरी आकडा थोडा हलतो. रिपोर्टवर आकड्याशेजारी 'लॉग' म्हणून अजून एक संख्या असते, ती बघा. तुमच्या दोन रिपोर्टांत ती ०.२ च्या आसपास सरकली असेल. ०.५ च्या वर सरकली तर बोलायचं. शिवाय पहिले दोन आठवडे औषध बरोबर चालू असतानाही आकडा वाढू शकतो, म्हणून पूर्ण डोस दोन आठवडे पोटात गेल्याशिवाय 'औषधाला दाद देत नाही' असा शिक्का डॉक्टर मारत नाहीत. आठवड्यातून एकदा तपासणी पुरे. आणि कृपा करून लॅब बदलू नका. घराजवळ कोथरूडला एक, रुग्णालयात एक, असं केलंत तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. कोणी पूर्ण रक्तावर तपासतं, कोणी फक्त प्लाझ्मावर (पेशी काढून उरलेल्या द्रवावर), आणि पूर्ण रक्तातला आकडा साधारण जास्तच येतो.

आता गोळी बंद करण्याचं. ही गोष्ट एकदा नीट कळली की निम्मी भीती जाते. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर विषाणूची वाढ रोखतं, पण त्याला पुन्हा कोपऱ्यात बसवतात त्या भावाच्या स्वतःच्या टी-पेशी, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. मायकोफेनोलेट नेमकं त्याच पेशींची वाढ दाबतं. म्हणजे एका हाताने विषाणूवर औषध द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच्याशी लढणाऱ्यांना बांधून ठेवायचं, असं होतं. त्यामुळे ते कमी किंवा बंद करणं हा उपचाराचाच भाग आहे. टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड ही रिजेक्शन टाळणारी बाकीची औषधं बहुतेक चालूच असतील, फाईलमध्ये बघा. किडनी उघडी पडलेली नाही. उलट सीएमव्ही रेंगाळत राहिला तर तोच रिजेक्शनचा धोका वाढवतो. ही तारेवरची कसरत असते हे मान्य, म्हणून तर दर आठवड्याला रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, किडनीचं काम बिघडलं की ते वाढतं. ते चढलं तर बायोप्सी होईल (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतील), बीके नावाचा आणखी एक विषाणू आहे का तेही तपासतील. बीकेवर खात्रीचं औषधच नाही, तिथे रिजेक्शनच्या गोळ्या कमी करणं हाच मुख्य उपचार. त्या मानाने सीएमव्हीवर निदान औषध तरी आहे.

साडेचार महिन्यांनीच का निघाला? बहुतेक ठिकाणी ऑपरेशननंतर हेच औषध प्रतिबंध म्हणून कमी डोसमध्ये देतात, बऱ्याचदा तीन महिने. ते थांबलं की पुढच्या काही आठवड्यांत विषाणू डोकं वर काढतो, हे नेहमीचं वेळापत्रक आहे. तुमच्या आईच्या मनात 'माझ्या किडनीतून गेलं' हे असेलच. मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक दात्या आईच्या मनात ते असतं. त्यांना सांगा की भारतात बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात हा विषाणू लहानपणापासून झोपलेला असतो. भावाचा स्वतःचाच जागा झाला असण्याची शक्यताही तितकीच आहे.

माझ्या मते तुम्ही लक्ष ठेवायला हवं ते आकड्यापेक्षा डोसवर. गोळी ४५० मिलिग्रॅमची येते. किडनी चांगली चालत असेल तर उपचाराचा डोस सकाळी दोन, रात्री दोन. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते याचा आकडा, कमी म्हणजे काम कमी) ४० ते ५९ असेल तर एक-एक, त्याखाली आणखी कमी. वॉर्डात 'शेजारच्याला चार, आमच्याला दोनच का?' यावरून वाद होतात, त्याचं उत्तर हे. पण याची दुसरी बाजू विसरली जाते: किडनी सुधारली की डोस वाढवावा लागतो. तो खालीच राहिला तर विषाणू मरत नाही, औषधाला सरावतो, आणि मग फॉस्कार्नेटसारखं औषध लागतं जे किडनीलाच त्रास देतं. म्हणून प्रत्येक भेटीत क्रिएटिनिनचा रिपोर्ट पुढे करून सरळ विचारा, 'डोस हाच ठेवायचा का?'

या औषधाने पांढऱ्या पेशी घसरतात. चार हजारांच्या खाली रिपोर्ट दिसला की घरचे परस्पर एक गोळी कमी करतात. ते मुळीच नको. डॉक्टर आधी पेशी पाडणारी बाकीची औषधं बघतात, गरज पडली तर पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात. अँटिव्हायरलला हात शक्यतो शेवटी लावतात.

गोळी तोडू किंवा कुटू नका, जेवणासोबत द्या. घरात कोणी गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये, गर्भाला धोका असतो. सदाशिव पेठेतल्या होलसेल दुकानात स्वस्त मिळते म्हणून तिथून घेणारे बरेच आहेत. हरकत नाही, फक्त बिल घ्या आणि कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा.

जुलाब चालू असताना टॅक्रोलिमसची लेव्हल वर जाते, त्यामुळे ती तपासणी टाळू नका. रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं, गोळी पिशवीत सोबत न्यायची, रक्त देऊन झालं की तिथेच घ्यायची. गोळी आधीच गिळून रांगेत उभे राहणारे लोक रोज दिसतात, आणि त्या रिपोर्टचा काही उपयोग नसतो.

प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून कोणीतरी गुळवेलीचा काढा सुचवेलच, पुण्यात तर नक्कीच. करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत, आणि इथे प्रतिकारशक्ती वाट्टेल तशी भडकलेली परवडणारी नाही. काढा नको, पपनस नको, दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको. गल्लीतल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर घेण्याआधी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना फोन करा, त्याने टॅक्रोलिमस चढतं.

उपचार किमान दोन आठवडे चालतो, बहुतेकदा जास्त. लक्षणं जाऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाल्यावरच थांबवतात. पोटाचा त्रास टिकला आणि रक्त स्वच्छ आलं, तरी आतड्यात तो असू शकतो. दुर्बिणीतून तपासायला सांगितलं तर नाही म्हणू नका.

ताप पुन्हा चढला, दम लागला, संडास काळी झाली किंवा डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं, तर पुढच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करून निघा. पावसाळा असेल तर डेंग्यूचीही तपासणी करून घ्या, सीएमव्ही आहे म्हणून दुसरा ताप येत नाही असं नाही.