सायकलवरून एल्कच्या मागावर

कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीचा पहिलाच सीझन ना? मग नवी सायकल घेऊ नकोस, जुनी माउंटन बाइक पुरते. नॅशनल फॉरेस्टमधले (अमेरिकेच्या सरकारी जंगलातले) फाटक लावून गाड्यांना बंद केलेले रस्ते नकाशात शोध. त्यांवर सायकल बहुधा चालते. ई-बाइक मात्र मोटारगाडीत धरतात. आणि 'वाइल्डरनेस' म्हणून राखलेल्या रानाच्या हद्दीत १९६४ च्या कायद्याने सायकललाच बंदी.

नवखे इथे फसतात:

- जाताना उतार लागला की खूश! येताना तोच चढ, आणि एल्कची एक तंगडीच पंचवीसेक किलो. सायकल ढकलतच आणावी लागते.
- ब्रेक तपासत नाहीत. माझे पहाटे असे किंचाळले की अख्खा कळप पसार.
- पार ठिकाणापर्यंत सायकल दामटतात. अर्धा मैल आधीच झाडीत लपव.

सायकलवर असताना रायफलचं चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामंच. सायकलमागे मांस ओढायला लावायच्या ट्रेलरचं नंतर बघू.