शाळेची इमारत नेमकी कुणी आखली?

प्रश्न : आमच्या पेठेतली दगडी शाळा 1912 सालची आहे. कोनशिलेवर उद्घाटक आणि देणगीदार यांचीच नावं आहेत. जॉर्ज विटेट यांनी ती आखली, असं सगळे सांगतात. फलक लावण्याआधी खात्री कशी करावी?

उत्तर : विटेट 1904 मध्ये मुंबईत आले आणि 1926 मध्ये वारले, म्हणजे साल आड येत नाही. पण साल जुळलं म्हणजे पुरावा मिळाला, असं नव्हे. ते मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुकार होते. त्यामुळे आधी बांधकामाचा पैसा कुणाचा होता ते शोधा, कारण कागद पैशामागे जातात. सरकारी बांधकाम असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या फायली मुंबईच्या अभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पाहा. नगरपालिकेचं असेल तर त्या वर्षांचे सभावृत्तान्त मागा. खासगी संस्थेचं असेल तर वार्षिक अहवालाच्या आधी हिशेबवही उघडा. 'नकाशाची फी' अशी नोंद आणि पुढे नाव सापडलं, तर त्याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

उद्घाटनाची तारीख हाती असेल तर 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश' यांचे त्यानंतरच्या पंधरवड्याचे अंक चाळा. समारंभाच्या वृत्तात आभार मानलेल्यांची नावं येतात. मात्र कंत्राटदार, देखरेख करणारा इंजिनिअर आणि आराखडा करणारा या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. देणगीदार तर वेगळाच. डेक्कन कॉलेजला मोठी देणगी सर जमशेटजी जिजीभाईंची, आराखडा मात्र लष्करी इंजिनिअर हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा.

मूळ नकाशा मिळाला तरी कोपऱ्यातल्या सहीवर लगेच विसंबू नका. ती नक्कल काढणाऱ्याची किंवा मंजुरी देणाऱ्याचीही असते. सहीशेजारचा हुद्दा आणि तारीख वाचा. तारीख बांधकामानंतरची असेल, तर तो नकाशा बहुधा वाढीव मजल्याचा. एकाच सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतून उतरवलेले तीन लेख हा एकच पुरावा धरावा. तेवढ्यावर विटेट यांचं नाव दगडात कोरू नये. 'बांधकाम 1912' एवढंच लिहावं.

प्रश्न : कपाटात निळसर कापडी नकाशा सापडला आहे. लॅमिनेट करावा का?

उत्तर : मुळीच नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. ट्रेसिंगच्या कापडाला खळ असते, म्हणून ओल्या फडक्यानं पुसू नका. खळ विरघळली की रेघाही जातात. घडी जबरदस्तीनं उलगडू नका. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि नकाशा उजेडापासून दूर, सपाट ठेवा.