'दर'च्या आत काय आहे, अन् 'प्रति एकरी' काहून लिहिता?

एका ताईंनी विचारलंय, मुलगी पाचवीत आहे, गणित असं की 6 तासांत 42 किलो कापूस वेचला तर दर तासाला किती, पोरीनं गुणून 252 आणले. तर 'दर' दिसला की गुणायचं का भागायचं, अन् उत्तरात 'प्रति तासी' लिहिलं तर चालते का?

नाही चालत. आधी हेच घेतो, कारण डोकं उठलंय माझं. 'प्रति एकरी उत्पादन', 'प्रति माणशी खर्च', एका जेवणाच्या बिलावर तर 'दर प्रति ताटामागे' वाचलं! अरे बाप्पा, 'एकरी'च्या त्या शेवटच्या ई-मध्येच 'प्रति' बसलाय. आमच्याकडे पारावर बसलेला कोणीही 'यंदा एकरी किती झाला' एवढंच विचारतो अन् समोरचा मनातल्या मनात भागाकार करून 'सहा क्विंटल' सांगतो, त्याला प्रति लागत नाही.

आता 'दर'. एका व्याख्यानात ऐकलं की हा फारसीतला दार या अर्थाचा 'दर', म्हणजे दारोदार जाऊन मोजणे वगैरे. साफ चूक. दरवाजातला 'दर' वेगळा, तो आपल्या 'द्वार'चा भाऊबंद. आपला हा 'दर' म्हणजे 'मध्ये, आत', दरम्यानमधला. फारसीत टक्क्याला 'दरसद' म्हणतात, शंभरात. आपलं 'दरशेकडा' तेच, फक्त शेपूट मराठी. हिंदीतल्या 'फीसदी'तला अरबी 'फी' सुद्धा 'आत'च! अन् खरी गंमत पुढेच आहे, हा 'दर' जुन्या 'अंदर'मधून झिजून आला, 'अंदर' म्हणजे संस्कृत 'अंतर्'चा सख्खा चुलत, अन् त्याच 'अंतर्'पासून आपलं 'आत'. म्हणजे जे भाषाशुद्धीवाले 'दर' परका म्हणून त्याच्या जागी 'प्रति' बसवून राहिले, ते घरातल्याच माणसाला बाहेर काढून राहिले. भाव या अर्थाचा 'दर' पण यातूनच निघाला असं माझं मत आहे, एका किलोच्या आत किती रुपये बसतात तो दर. कोणाला पटो न पटो.

व्याजाच्या गणितातलं द.सा.द.शे., म्हणजे 'दर साल दर शेकडा', आठवा. दोन वेळा 'दर', म्हणून व्याजावरून दर काढताना दोन वेळा भागावं लागते, सालानं अन् मुद्दलातल्या शेकड्यांनी.

हां, ताईंचं राहिलंच. 'दर' विचारला असेल तर भागा, अन् ज्या शब्दाला 'दर' चिकटलाय त्यानंच भागा. दर तासाला म्हणजे 42 भागिले 6, सात किलो. दर किलोला किती वेळ विचारलं तर उलटं, 360 मिनिटं भागिले 42, साडेआठ मिनिटांच्या जराशी वर. 'दर' आधीच दिला असेल, तासाला 7 किलो तर 6 तासांत किती, तेव्हा गुणा. अन् पोरीला एकदा सायंकाळी वेचणीच्या काट्यावर न्या, तासाला 252 किलो सांगितले तर बाया कशा हसतात ते तिलाच दिसेल.