दोन-तीन ऑफर हातात आहेत मॅडम, पण ठरतच नाही

जून-जुलै आला की माझ्याकडे हा एकच प्रश्न वेगवेगळी तोंडं घेऊन येतो. मुलगा किंवा मुलगी नुकतीच पास झालेली, चार ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन आलेली, दोन-तीन ठिकाणाहून हो पण आलेलं, आणि तरी रात्री झोप नाही. घरचे म्हणतात अरे नोकरी मिळत नाही म्हणून लोक रडतात, तुला मिळालीये तर तू रडतोयस. नोकरी नसलेल्याला निदान सगळे समजून तरी घेतात, याला तेही नाही. गेल्या काही वर्षांत इतक्या जणांना तेच तेच सांगितलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

मी चिपळूणला समुपदेशनाची प्रॅक्टिस करते. खोली तळमजल्यावर आहे, भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर २०२१ च्या पुराची रेघ आहे. रंग काढताना पेंटरला मुद्दाम तेवढी पट्टी ठेवायला सांगितली, शेजारी पेन्सिलने २२-७-२१ असं लिहिलंय. नवीन माणूस आला की बोलायला सुरुवात करायच्या आधी त्या रेघेकडे बघतोच. या गोष्टीत ती रेघ पुढे कामाला आली, म्हणून सांगितलं.

त्याला आपण सुजय म्हणू, नाव बदललंय आणि ओळख पटेल असं बाकीचंही थोडं हलवलंय. बीएस्सी केमिस्ट्री, गुहागरच्या बाजूचं गाव, घरी चाळीसेक आंब्याची कलमं. पहिल्या दिवशी आला तो शंभर पानी वही घेऊनच. तिच्यात तीन नोकऱ्या, प्रत्येकीला दोन रकाने, फायदे आणि तोटे, आणि खोडाखोड इतकी की काही ठिकाणी कागद फाटलेला, काही ठिकाणी व्हाइटनरचे पापुद्रे. एकूण त्रेपन्न मुद्दे. मी मोजले कारण तो वाचून दाखवत होता आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता.

तीन नोकऱ्या अशा. एक लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासतात तिथे, ट्रेनी केमिस्ट, वर्षाला २ लाख ४० हजार, सहा महिन्यांनी शिफ्ट लागणार. दुसरी नवी मुंबईत एका ऑफिसमध्ये डेटा एंट्रीसारखं काम, ३ लाख, पण पगार एजन्सीमार्फत, म्हणजे कंपनीच्या रोलवर नाही. तिसरी गावाजवळच्या पतसंस्थेत क्लार्क, महिना ११ हजार, संचालकांपैकी एकजण वडिलांच्या ओळखीचे, आणि जाता जाता सांगितलेलं की ठेवी आणि पिग्मीची, म्हणजे रोज फिरून गोळा करायच्या छोट्या बचतीची, खाती थोडी बघावी लागतील. हे 'थोडी' म्हणजे किती ते त्याने विचारलं नव्हतं. ही मुलं विचारतच नाहीत, आपण विचारलं तर समोरचा नाराज होईल असं वाटतं त्यांना.

आधी आकडे सरळ करून घेतले, कारण मनाचं बोलायच्या आधी खिशाचं बोललं पाहिजे असं माझं मत आहे. २ लाख ४० हजार म्हणजे महिना २० हजार हातात, असं धरून तो चालला होता. तसं नसतं. त्या २० हजारात कंपनीने भरायचा पीएफ पण धरलेला असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली असते, पगार २१ हजाराच्या आत असेल आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू असेल तर त्याचा कंपनीचा वाटाही. मग तुझ्या बाजूने बेसिकच्या १२ टक्के पीएफ जाणार, ईएसआयचे पाऊण टक्का, आणि प्रोफेशनल टॅक्स महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. त्याच्या लेटरमध्ये बेसिक १२ हजार होता, त्यावरून कागदावर मांडलं तर हातात साडेपंधरा हजाराच्या आसपास येत होते. पीएफ तुझाच आहे, तो बुडत नाही, पण त्यातून महिन्याचा किराणा येत नाही. तसंच नवी मुंबईचंही मांडलं. तिथे कॉट बेसिसवर जागा, मेस, रेल्वेचा पास आणि गणपती-शिमग्याला घरी यायचं तिकीट काढून बाकी उरते ती घरून लोट्याला कंपनीच्या बसने गेलं तर जेवढी उरेल त्यापेक्षा कमीच. तीन लाख मोठे दिसतात कारण ते एका ओळीत लिहिलेले असतात आणि खर्च दहा ओळीत.

आता वाटेल की झालं, ठरलं. कुठलं काय! पुढच्या वेळी आला तो तीन मुद्दे वाढवूनच.

मग मी एक चूक केली. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी मार्क दे म्हटलं, म्हणजे वजन कळेल. त्याने घरी बसून रात्री दोनपर्यंत मार्क दिले, लोट्याला आले २६१ आणि नवी मुंबईला २६०. आम्ही दोघं हसलो पण माझं हसणं जरा खिसियाणं होतं.

ही फायदे-तोट्यांची पद्धत काही आजची नाही. १७७२ साली बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या एका मित्राला पत्रात हीच सांगितली होती, कागदाच्या मध्यावर रेघ मार, दोन रकाने कर, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जा, मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर काटत जा. तो मित्र म्हणजे जोसेफ प्रीस्टली, आणि त्यालाही नोकरीचाच प्रश्न पडला होता, एका लॉर्डकडे जावं की नाही. गेला तो. तिथे असतानाच १७७४ मध्ये त्याने ऑक्सिजन वेगळा केला. आणि १७८० मध्ये ती नोकरी सोडलीसुद्धा. सुजयला हे सांगितल्यावर तो एकदम सरळ बसला, प्रीस्टली त्याला पुस्तकातून माहीत होता पण त्याला पण नोकरीचं टेन्शन होतं हे माहीत नव्हतं. केमिस्ट्रीवाल्याला हे सांगायला मला आवडतं, कबूल करते. पण फ्रँकलिनच्या वेळचा प्रश्न वेगळा होता, प्रीस्टलीच्या कागदावर निदान प्रीस्टलीच लिहीत होता. सुजयच्या वहीत अख्खं गाव लिहून गेलं होतं. हे मला तेव्हा लगेच कळलं नाही, कळलं ते त्याचे वडील आले तेव्हा.

वडील बोलायला तयार नव्हते, दारातच उभे. मी म्हटलं, "दादा, बसा तरी. तुम्हाला काय वाटतं?"

"माजा काय नाय मॅडम. पोराक समजतंय ता करील. पन कंपनीचा काय खरा नाय, आज हाय उद्या नाय."

"कुठल्या कंपनीचं बघितलंत तुम्ही?"

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बाबा लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, वर्षभर वाट बघितली आणि एक दिवस पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरले. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो, मला वाटलं खाऊ आणलाय. ती ट्रंक अजून माळ्यावर आहे.

सुजय वडिलांकडे बघत राहिला. त्याच्या वहीत लोट्याच्या तोट्यांमध्ये पहिलाच मुद्दा होता, 'खाजगी कंपनी, भरवसा नाही', आणि त्याला त्याने दहापैकी दहा दिले होते. जन्मात एकदाही कंपनीत कामाला न गेलेल्या मुलाने.

वडील गेल्यावर मी त्याला म्हटलं वही उघड आणि प्रत्येक मुद्द्यापुढे दोनच गोष्टी लिही, हा मुद्दा कोणाचा, आणि कुठल्या सालचा. मला स्वतःलाही हे तेव्हाच सुचलं, आधी कुठे वाचलेलं नाही. भरवसा नाही, आजोबा, १९८२. मुंबईला गेल्याशिवाय माणूस घडत नाही, मामा, तो डोंबिवलीला स्थायिक झाला ते १९९८, कोकण रेल्वे सुरू झाली ते वर्ष म्हणून मामाला पक्कं लक्षात. पतसंस्थेत असलेल्याला मुलगी पटकन मिळते, हे आत्याचं, सालच सांगता येईना. केमिकलमध्ये राहिलास तर पुढे स्कोप नाही, हे मागच्या महिन्यातलं, एका मित्राने व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेलं. करता करता छप्पन्न मुद्द्यांपैकी त्याचे स्वतःचे निघाले नऊ. त्यातले पण पाच पगाराचे आणि प्रवासाचे.

मी विचारलं, "इंटरव्ह्यूच्या दिवसाचा एक पण मुद्दा नाही रे यात. तू तिन्ही ठिकाणी जाऊन आलायस ना? काय दिसलं तुला?"

"काय दिसणार मॅडम, बसलो, प्रश्न विचारले, आलो."

"लोट्याला किती वेळ बसवलं?"

"दीड तास. लॅबच्या बाहेर, काचेच्या."

मग बराच वेळ काहीच नाही. मी बोलले नाही. अशा वेळी बोलायची खाज दाबून ठेवणं हेच आमचं अर्धं शिक्षण. तो भिंतीवरच्या रेघेकडे बघत होता, २२-७-२१ कडे, आणि बघता बघता म्हणाला, "आत एक पोरगा होता, नवीन असणार, माझ्याच वयाचा. त्याचं टायट्रेशन, म्हणजे द्रावण थेंब थेंब सोडून मोजायचं काम, चुकलं. ब्युरेटचं, त्या आकडे असलेल्या काचेच्या नळीचं, रीडिंग वरनं बघून घेतलं त्याने, मला बाहेरून कळलं. मी म्हटलं आता हा खातो शिव्या. पण एक मॅडम आल्या, त्याला वाकायला लावलं, डोळे लेव्हलला आण म्हणाल्या आणि परत करायला सांगितलं. आणि तो लॉगबुकमधलं खोडायला लागला तर त्यांनी हात धरला."

"का?"

"तिथे खोडत नाहीत मॅडम. व्हाइटनर तर अजिबात नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. आम्हाला कॉलेजात पण सांगितलं होतं. मग पुढची एन्ट्री."

हे बोलून झालं आणि त्याने मांडीवरच्या वहीकडे बघितलं. त्या फाटलेल्या कागदाकडे, व्हाइटनरच्या पापुद्र्यांकडे. मी काही म्हणायची गरजच नव्हती, पण मी म्हटलंच, "म्हणजे चूक झाली तरी लॅब बंद पडत नाही."

तो हसला. चार भेटीत पहिल्यांदाच मोकळेपणाने.

माझा ओढा विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली, तेव्हा मला तिथे एक अक्षर ऐकू येत होतं ते म्हणजे च. पहिली नोकरी बरोबरच निवडली पाहिजे, चूक होताच कामा नये. एलिस इंग्रजीत सांगताना 'मस्ट'च्या मागे लागला होता, आपल्या भाषेत ते काम एवढासा च करतो. हा च मनात असला की छप्पन्न काय पाचशे मुद्दे लिहिले तरी कमी पडतात, कारण तुम्हाला माहिती नको असते, गॅरंटी हवी असते. आणि ती कोणी देत नाही, सरकारी नोकरीवाला पण नाही. च काढला की वाक्य उरतं, बरोबर निवडली तर बरं. तेवढ्यावर माणूस झोपू शकतो.

तर तुमच्या घरात असा कोणी वही घेऊन बसला असेल तर त्याला इंटरव्ह्यूच्या दिवसाबद्दल विचारा, आणि तो दिवस ताजा असताना त्याच संध्याकाळी लिहून ठेवायला सांगा. रोज सकाळी जाऊन नक्की काय करायचं हे कोणी सांगितलं का? ज्याच्या हाताखाली काम करायचं तो माणूस भेटला का, की फक्त एचआर? गेल्या वर्षी लागलेलं पोरगं अजून तिथे आहे का? हे गेटवरचा सिक्युरिटीवाला आणि कँटीनवाला एचआरपेक्षा खरं सांगतो. केमिकल कंपनी असेल तर गॉगल, ग्लोव्हज, डोळे धुवायची सोय दिसली का की नुसता बोर्डच? सुजय नवी मुंबईला ज्या ऑफिसात गेला तिथे त्याला अर्ध्या तासात तीन वेगवेगळ्या माणसांनी तोच फॉर्म भरायला लावला होता, आणि कोणालाच त्याचं काम काय ते माहीत नव्हतं. हे त्याला आठवलं ते आमच्या पाचव्या भेटीत!

आणखी दोन-तीन गोष्टी घाईत सांगते. आजच्या आज सांगा असं फोनवर म्हणाले तर चार दिवस मागा, मेलवर मागा, नीट कंपनी असेल तर देते. बॉण्ड असेल तर किती वर्षांचा आणि सोडलं तर किती भरायचे हे वाचल्याशिवाय सही नको. ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या, झेरॉक्स द्या. आणि ज्यांची नोकरी घेत नाही त्यांना दोन ओळी कळवा, फोन उचलणं बंद करू नका, कोकणातली एमआयडीसी लहान आहे, तीच माणसं पुढे दुसऱ्या टेबलामागे बसलेली दिसतात.

सुजयने लोट्याची नोकरी घेतली. मी त्याला घे असं म्हटलं नव्हतं, हे मी सगळ्या आईवडिलांना सांगत असते आणि कोणाचा विश्वास बसत नाही. शेवटच्या भेटीत त्याने नवी मुंबई आणि पतसंस्था या दोन नावांवर एकेक रेघ मारली, सही केली, तारीख टाकली. वडिलांचा मुद्दा पण काटायला गेला तर वडील, तेव्हा बसले होते आतच, म्हणाले, "ऱ्हाव दे तो. असू दे." मग तो तसाच ठेवला, पुढे १९८२ लिहिलेला.

आता मार्चमध्ये परत आला होता. शिफ्ट लागलीये, एका ठिकाणाहून बोलावणं आलंय, बदलू का म्हणून. नवीन पानावर पाचच मुद्दे होते, सगळे गेल्या दोन महिन्यातले, त्याच्याच अक्षरात. पहिला होता, आंबा उतरवायच्या वेळी रजा मिळत नाही.