‘पिन’ सांगितलं की मुलगी ‘बिन’ लिहिते

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चीनमध्ये सूचौला राहतो. शेजारची दोन चिनी भावंडं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. मी ‘पिन’ सांगितलं की मोठी ‘बिन’ लिहिते. ‘थिंक’चं ‘सिंक’, ‘बॅग’चं ‘बॅक’ नाहीतर ‘बॅगऽ’, ‘झू’चं भलतंच काहीतरी. धाकटा तर ‘नाइट’ला ‘लाइट’ म्हणतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : स्वतःपासून करा, ताई. रागावू नका, पण मुलीचे कान तयार आहेत. मँडरिनमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रमाण चिनी भाषेत, आपल्यासारखे ग, द, ब नाहीतच. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची त्यांची एक पद्धत आहे. त्या रोमन लिपीतला ‘बी’ जवळजवळ आपला प, आणि ‘पी’ म्हणजे हवेचा झोत सोडून म्हटलेला प. ओठ मिटून काढलेला आजीच्या तोंडचा फ म्हणा ना! आपण मराठी माणसं इंग्रजी ‘पिन’ कोरड्या पनं म्हणतो. झोत आला नाही, की तिच्या हिशेबात तो ‘बी’. ‘टेन’ आणि ‘किंग’चंही तेच. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला हा झोत सोडतोच. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून बघा. ‘पिन’ला ती उडाली पाहिजे, ‘स्पिन’ला जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे.

‘बॅग’ला जास्त वेळ द्या, कारण घोटाळा तिथे होतो. मँडरिनचं अक्षर स्वरावर संपतं, फार तर न किंवा ‘गंगा’तल्या अनुनासिकावर, बीजिंगकडे र सुद्धा. शेवटी ग आला की मुलं त्याचा क करतात, नाहीतर पुढे एक स्वर चिकटवतात. ग जोरात म्हणायला लावलंत तर तो स्वर आणखी पक्का होईल. त्यापेक्षा आधीचा स्वर लांबवा : ‘बॅऽग’, पण ‘बॅक’ तोकडं. इंग्रजांच्या बोलण्यातही शेवटचा ग पुसटच असतो, कान स्वराच्या लांबीवरून ओळखतो.

‘थिंक’ची मला फारशी काळजी नाही. सगळे शिक्षक उगाच त्याच्याच मागे लागतात. जीभ दातांमध्ये हलकी ठेवून हवा सोडायला सांगा. आपला थ मात्र शिकवू नका, त्यात हवा अडते. ‘व्ही’ शिकवताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. इथे आपलाही व एकच, तेव्हा ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आधी तुम्ही वेगळे म्हणून बघा.

‘झू’च्या जागी मुलं ‘चमचा’तल्या पहिल्या चसारखं काहीतरी म्हणत असतील. त्यांच्या रोमन लिपीत ‘झेड’चा उच्चार तोच आहे. लांब स म्हणायला लावा आणि तो न तोडता गळ्यातून गुणगुणायला सांगा. हात गळ्यावर ठेवला की फरक कळतो.

धाकट्याच्या घरची माणसं मूळची कुठली, विचारून घ्या. सिचुआन, हूनान या प्रांतांकडच्या पुष्कळ बोलींत न आणि ल एकमेकांत मिसळतात. त्याला नाक चिमटीत धरून दोन्ही म्हणायला लावा : ल निघतो, न अडकतो.