उतार धरला की फेझचा बाजार सापडतो

मोरोक्कोतल्या फेझ शहराबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना ही उत्तरं.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी, दोघंही साठीपुढचे. फेझच्या जुन्या बाजारात माणूस हमखास वाट चुकतो असं ऐकलं. वाटाड्या घ्यावाच लागतो का? आणि माझे गुडघे दुखतात, चालणं झेपेल का?

पहिल्या सकाळी परवानाधारक वाटाड्या जरूर घ्या. तुम्ही उतरलात तिथले लोक ठरवून देतात. त्याला निघतानाच स्पष्ट सांगा, की आम्हाला कारागीर पाहायचे आहेत, दुकानं नकोत. दुपारनंतर मात्र तुमचे तुम्ही फिरा. खरा बाजार मला तेव्हाच दिसला.

वाट चुकण्याची भीती एका गोष्टीनं निम्मी होते. जुनं शहर, म्हणजे फेस एल-बाली, वाडग्यासारखं आहे. कडेला वेशी, तळाशी नदी आणि करावियीन मशीद. पश्चिमेच्या बाब बू जलूद या वेशीतून शिरलात (बाहेरून निळी, आतून हिरवी) की ताला कबीरा आणि ताला सगीरा हे दोन्ही मुख्य रस्ते खालीच जातात. चुकल्यासारखं वाटलं तर उतार धरा, मध्यावर पोचाल. फोनवरच्या नकाशावर विसंबू नका. गल्ल्या इतक्या अरुंद आणि कुठेकुठे वरून झाकलेल्या, की त्यावरचा ठिपका भलतीकडेच उड्या मारतो.

गुडघ्यांसाठी महत्त्वाचं : परत चढून येऊ नका. तळाशी र्सीफ नावाचा चौक आहे, तिथपर्यंत लाल रंगाच्या छोट्या टॅक्सी येतात. वरून उतरत बाजार पाहायचा आणि र्सीफहून टॅक्सीनं परतायचं. आतल्या गल्ल्यांत मोटारी नाहीत, माल गाढवं आणि खेचरं वाहतात. मागून ‘बालाक!’ अशी हाळी आली की लगेच भिंतीला चिकटायचं. लादलेलं खेचर थांबत नाही.

आता मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटणारी गोष्ट सांगते. हा बाजार वरवर गोंधळ वाटतो, पण त्याला पक्की शिस्त आहे. करावियीन मशीद इ. स. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीनं उभारली असं परंपरा सांगते. तिच्या आणि शेजारच्या मौले इद्रीस दर्ग्याच्या अवतीभवती स्वच्छ, सुगंधी, मोलाचा माल : अत्तरीन आळीत मसाले आणि अत्तरं, किसारियात कापड, शम्माईनमध्ये सुकामेवा आणि दर्ग्यावर वाहायच्या मेणबत्त्या. ज्या धंद्यांना पाणी लागतं ते नदीकाठी : रंगाऱ्यांची सब्बागीन गल्ली, कातडी कमावण्याचं शुवारा. आणि ज्यांचा धूर होतो ते कुंभार तर गावाबाहेर, ऐन नोकबीला. एकदा हे लक्षात आलं की नाक आणि कान वाट दाखवतात. जिरं-दालचिनीचा वास आला की मशीद जवळ आली. हातोड्यांचा ठणठणाट ऐकू आला की सफ्फारीन चौक, तांबटांचा. तिथे लग्नकार्याला भाड्यानं द्यायची अजस्र पातेली रचलेली असतात, आणि त्याच चौकात करावियीनच्या ग्रंथालयाचं दार आहे. वाचणारे आणि ठोकणारे शतकानुशतकं असे शेजारी नांदले, हे मला फार मोठं वाटतं.

दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांत वाटेवर आडवी लाकडी तुळई दिसेल. जनावरांनी तिथेच थांबायचं, पूर्वी मुस्लिमेतरांनीही. आता आपण दारापर्यंत जाऊ शकतो, आत नाही. दारातून पाहा, नमाज पढणाऱ्यांचे फोटो काढू नका.

दोन दिवस पुरतात, फक्त त्यातला एक शुक्रवार नको. दुपारच्या नमाजानंतर बहुतेक दुकानं बंद असतात.

प्रश्न : घासाघीस करायचा मला फार संकोच वाटतो. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर आणायचं, हे खरं का?

निम्म्याचा नियम मला पटत नाही. कुणी चौपट सांगतो, कुणी रास्त सांगतो. दोघांना एकच माप लावलं तर एकाकडे तुम्ही फसता आणि दुसऱ्यावर अन्याय करता. त्याऐवजी आधी वस्तू घडताना पाहा. सफ्फारीनमध्ये एका तबकावर किती वेळ हातोडी पडते हे उभं राहून पाहिलंत, की किमतीचा अंदाज आपोआप येतो. वस्तू हातात घ्या, वजन पाहा, मागच्या बाजूला ठोक्यांच्या खुणा आहेत का पाहा. तांब्याचं भांडं स्वयंपाकासाठी हवं असेल तर आतून कल्हई आहे ना, हे विचारा.

घ्यायचं नसेल तर आपण आकडा बोलायचा नाही. तुमच्या आकड्याला दुकानदार ‘हो’ म्हणाला की तो शब्द झाला. चहा दिला म्हणून काही घ्यायलाच हवं असं नाही, चहा हे तिथलं अगत्य आहे. जुनी माणसं कधीकधी रियालमध्ये किंमत सांगतात, तेव्हा दचकू नका : २० रियाल म्हणजे १ दिरहम, तिथलं आजचं चलन. दिरहम तिथे पोचल्यावरच घ्या आणि निघण्याआधी उरलेले बदलून टाका; देशाबाहेर ते चालत नाहीत. बदलल्याची पावती जपून ठेवा.

प्रश्न : ‘निवडुंगाचं रेशीम’ म्हणून एक चादर घेतली. खरंच निवडुंगापासून रेशीम होतं का?

‘निवडुंगाचं रेशीम’ किंवा साब्रा म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक व्हिस्कोज असतं, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. कडेचा एक सुटा धागा जाळून पाहा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे व्हिस्कोज. केस जळल्याचा वास म्हणजे खरं रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. व्हिस्कोज निघालं तरी चादर टाकाऊ ठरत नाही. हातमागावर विणलेली असेल तर विणकराची मेहनत खरीच आहे. फक्त ओली असताना पिळू नका, भिजल्यावर हा धागा कमजोर होतो.

प्रश्न : शुवाराच्या हौदांना फार घाण वास येतो म्हणे. जावं का?

जा. सकाळी जा. भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून हौद दिसतात. वर जाताना पुदिन्याची काडी हातात देतात. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते. चुन्यानं केस सुटतात, विष्ठेतल्या अमोनियानं कातडं मऊ होतं. मग रंगाचे हौद. ‘सगळे रंग नैसर्गिक’ हे सांगणं पूर्ण खरं मानू नका, रासायनिक रंगही वापरले जातात. मांडीपर्यंत त्या पाण्यात उभी राहून कातडी तुडवणारी माणसं खाली असतात. त्यांच्याकडे पाहत नाक दाबून हसणारे प्रवासी मला अजिबात सहन होत नाहीत. दुकानातून गच्चीवर गेलात तर उतरताना थोडा वेळ माल पाहा, किंवा काही दिरहम द्या.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी. बाजारात काय खाऊ?

हरीरा सूप आणि भाज्यांचा कुसकुस दिसायला शाकाहारी, पण बहुधा त्यात मटणाचा रस्सा असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका. वांगी-टोमॅटोचं झालूक, ऑलिव्ह, खजूर, ताजी खोब्झ रोटी आणि थरांची मसमन बिनधास्त खा. आणि बिसारा चुकवू नका : वाळवलेल्या बाकल्याचं दाट सार, वरून ऑलिव्ह तेल, जिरं आणि तिखट. छोट्या टपऱ्यांवर मिळतं, कामावर निघालेले हमाल आणि कारागीर उभ्यानं खातात. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत पातेलं संपलेलं असतं.