नागपूरहून संध्याकाळची फ्लाइट आहे, बहिणीसाठी कानातले एअरपोर्टवरच घेतले तर चालेल का?

सोन्याचे असतील तर नका घेऊ, भाऊ. सोनेगावच्या एअरपोर्टला पोचायच्या आधी इतवारीच्या सराफ्यात तासभर काढा. तिथे चार दुकानांत घडणावळ विचारता येते. फ्लाइटची घोषणा कानावर पडत असताना कोण घासाघीस करतं? सोन्याच्या भावावर घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी, हे बिलात वेगवेगळं लिहून घ्या.

दागिना भिंगाखाली बघायला मागा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, २२ कॅरेटला २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, दिसायला हवा. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती तिथल्या तिथे मिळते. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीला हाच हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, लागतो. (कानातले अगदीच हलके, २ ग्रॅमच्या आतले असतील तर मात्र सक्ती नाही.)

मी एकदा एका एअरपोर्टवर घाईत ‘चांदीचे’ झुमके घेतले होते. दोन महिन्यांत दांडीजवळ पितळ डोकावलं आणि बायकोने ते मुलीच्या भातुकलीत टाकले. चांदी घ्याल तर ९२५ चा (म्हणजे ९२.५ टक्के चांदीचा) शिक्का बघा.

आणि डबी हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये नको.